रुई फुटली का?

आमच्या घरात उन्हाळा संपल्याची वर्दी झाडांच्या आधी माळ्यावरची बॅग द्यायची. ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला की एका सकाळी चहा घेताघेता आई म्हणायची, "ती बॅग खाली काढून ठेव गं. आयत्या वेळी घाई नको." जायला अजून चार-पाच आठवडे असायचे. पण बॅग खाली यायची, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उघडी पडायची आणि रोज एकेक वस्तू तिच्यात जाऊन बसायची. बदामाची पाकिटं, शेजारच्या काकूंच्या नातवाला रंगीत पेन्सिली, वाईच्या घरातल्या देवांसाठी इथे बसून शिवलेली वस्त्रं. कामावरून आले की त्या खोलीवरून जाताना मी आत बघायचं टाळायचे.

गेली वीस-बावीस वर्षं मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर. बाबा गेल्यानंतर आई दरवर्षी एप्रिलमध्ये इकडे यायची आणि सप्टेंबरमध्ये परत जायची. व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, हे झालं कागदावरचं कारण. खरं कारण घरचं होतं. पितृपक्षात बाबांची तिथी, आणि पितर गेले की दुसऱ्या दिवशी घट. "घट बसायला घरात कुणी नको?" एवढंच ती म्हणायची, आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरायचं नाही. गणपती माझ्याकडे आणि घट वाईला, अशी तिच्या वर्षाची वाटणी झालेली होती.

इथली झाडं खरी पेटतात ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या दिवसांसाठी लांबलांबून माणसं न्यू इंग्लंडला येतात, गाड्यांच्या रांगा लावून न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटच्या डोंगरांत जातात, ते दिवस आईनं कितीतरी वर्षं पाहिलेच नाहीत. तिच्या वाट्याला यायचा तो त्याआधीचा काळ, ऊन उतरणीला लागतं तो. तिच्याबरोबर तो बघताबघता मलाही त्याचीच ओढ लागली. लाल-केशरी डोंगरांचे फोटो सगळेच काढतात. ऑगस्टच्या अखेरीपासूनचे पाच-सहा आठवडे मात्र शाळांच्या आणि ऑफिसांच्या गडबडीत कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत, आणि माझ्या मते खरा ऋतुबदल तेव्हाच होऊन जातो.

आधी उजेड बदलतो. आमच्या वाईकडे सगळ्यांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा पुढे जातो आणि सगळ्यांत लहान अकराच्या आसपास येतो. दोन तासांचा फरक, तोही सहा महिन्यांत सावकाश पडणारा. बॉस्टन 42 अंश उत्तरेला आहे. इथे जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो नऊ तासांवर येतो. ही सहा तासांची उतरण सप्टेंबरमध्ये सगळ्यांत खडी असते. रोज जवळजवळ तीन मिनिटं जातात, आठवड्याला वीस. आईची सांजवात हे आमच्या घरातलं त्याचं माप होतं. जूनमध्ये साडेआठला देवापुढे दिवा लावताना तिच्या मनाला ते पटायचं नाही. जेवणं झाल्यावर कुठे दिवेलागण असते का, असं ती विचारायची. सप्टेंबर निम्मा झाला की दिवा सातवर यायचा. "आता कशी घरच्यासारखी वेळ झाली," असं ती समाधानानं म्हणाली की माझ्या पोटात कालवायचं, कारण त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

मग आवाज बदलतो. जूनअखेर आणि जुलैत इथल्या रात्री काजव्यांच्या असतात. ऑगस्ट लागला की त्या रातकिड्यांच्या होतात. रातकिडा थंड रक्ताचा जीव. हवा गार झाली की त्याचे स्नायू मंदावतात आणि किरकिर संथ होते. इथून जवळच्याच टफ्ट्स विद्यापीठातले प्राध्यापक एमॉस डॉलबेअर यांनी 1897 साली या किरकिरीचं आणि तापमानाचं गणित मांडलं होतं. त्यावरून इथल्या घराघरांत मुलांना एक सोपा हिशेब शिकवतात. चौदा सेकंदांत किती वेळा किरकिरला ते मोजायचं आणि त्यात 40 मिळवायचे, की फॅरनहाइटमधलं तापमान येतं. सगळ्या रातकिड्यांचा घोळका मोजता येत नाही. एकच, एका लयीत गाणारा, झाडावरचा पांढुरका रातकिडा शोधावा लागतो.

माझी मुलं लहान असताना हा उद्योग रात्रीच्या जेवणानंतर डेकवर चालायचा. धाकटी घड्याळ धरायची, थोरला "सुरू" म्हणायचा, आणि आजी बोटांच्या पेरांवर मोजायची, जप मोजतात तसं. ऑगस्टच्या सुरुवातीला 35 यायचे, म्हणजे 75. सप्टेंबरच्या मध्याला 18-20 वर यायचं. एका रात्री अंगावर शाल घेऊन ती मोजत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "आज दमलाय गं तो." मुलांनी आकडा मागितला. तिनं सांगितला नाही.

रुईची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

गावाबाहेर एक कुरण आहे. गावानंच राखलेलं, वर्षातून एकदा गवत कापतात, बाकी त्याला कुणी हात लावत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ते सगळं पिवळं होतं. कमरेएवढी उंच गोल्डनरॉडची झुडपं आणि त्यांच्यात मध्येमध्ये जांभळी ॲस्टर. आईला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती गाडीतून उतरून नुसती उभी राहिली. "पाचगणीचं पठार गं," ती म्हणाली. भाद्रपदात आमच्याकडे टेबललँडवर आणि कासच्या वाटेवर सोनकी फुलते, ती अशीच पिवळीधमक. कुळ एकच दोघींचं, सूर्यफुलाचं. पण आईला कुळ सांगायची गरज नव्हती. तिनं नुसत्या रंगावरून ओळख काढली होती.

थोडं पुढे गेल्यावर तिला एक रोप दिसलं. जाड, लांबट पानं, खालून पांढुरकी लव, आणि टोकाला खडबडीत, पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या हिरव्या शेंगा. तिनं एका पानाचं टोक किंचित खुडलं. पांढऱ्या चिकाचा थेंब आला. तो तिनं बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि लहान मुलीसारखी ओरडली, "अगं, ही तर रुई!"

इथे त्याला मिल्कवीड म्हणतात. आपल्या रुईची ही चुलत बहीण आहे, हे मी नंतर वाचलं. आईनं ते चिकावरून ओळखलं. तिच्या माहेरी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करायचं काम तिच्याकडे होतं. चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, पानं पहाटे तोडायची, फाटकं पान घ्यायचं नाही, हे सगळं तिच्या हातांना अजून येत होतं. या झाडाच्या नावात इंग्रजीत 'तण' असा शब्द आहे, असं मुलीनं सांगितल्यावर तिला ते फार लागलं. "देवाला चालते ती. तण काय म्हणतात?" त्या दिवसापासून आमच्या घरात तिला रुईच म्हणायचं, असं ठरून गेलं.

आणि रुई म्हटल्यावर पानं उलटून बघणं आलंच. वाईला रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, हे आईला माहीत होतं. इथेही होत्या. काळे, पिवळे, पांढरे पट्टे, दोन्ही टोकांना काळ्या मिशा. ही मोनार्क फुलपाखराची अळी. मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही, आणि त्या चिकातलं विष अंगात साठवून घेते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही अंगणाच्या कुंपणाशी रुईची चार रोपं वाढू दिली. ऑगस्टच्या अखेरीला त्यातली एक अळी रोप सोडून चालत चालत डेकच्या कठड्याखाली गेली आणि तिथे उलटी टांगून घेतली. दुसऱ्या दिवशी तिथे कोष होता. कोवळ्या कैरीच्या आतल्या गरासारखा फिकट हिरवा, आणि वरच्या अंगाला बारीक सोनेरी ठिपक्यांची एक ओळ. सोनाराकडच्या कामासारखी. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की खाली वाकून त्याच्याकडे बघायची. दहा-अकरा दिवसांनी हिरवा रंग उतरला, कोष काचेसारखा पारदर्शक झाला आणि आत घडी घातलेले केशरी पंख दिसायला लागले. आईच्या बॅगेत तेव्हा फक्त वरचा थर भरायचा राहिला होता.

उन्हाळ्यात जन्मणारी मोनार्क फुलपाखरं दोन ते सहा आठवडे जगतात. अंडी घालतात, संपतात. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये कोषातून निघणारी शेवटची पिढी मात्र वेगळी असते. ती अंडी घालत नाही. ती दक्षिणेकडे निघते, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जाते आणि तिथल्या ओयामेल नावाच्या झाडांवर लाखोंनी बसून हिवाळा काढते. आठ-आठ महिने जगते. ज्यानं ती वाट कधी पाहिलेली नाही, ज्याच्या आजा-पणज्यानंच काय ती पाहिली, असं अर्ध्या ग्रॅमचं पाखरू हजारो किलोमीटर जाऊन नेमकं त्याच डोंगरावर उतरतं. ही फुलपाखरं हिवाळ्यात कुठे जातात, याचा शोध बाहेरच्या शास्त्रज्ञांना 1975 साली लागला. डोंगरातल्या लोकांना ते कायमच ठाऊक होतं. फुलपाखरं तिथे पोचतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि त्याच सुमाराला त्यांच्याकडे मृतांचा सण असतो. आपली गेलेली माणसं फुलपाखरं होऊन भेटायला येतात, असं तिथे मानतात.

हे मुलीनं शाळेच्या पुस्तकातून आजीला वाचून दाखवलं. आईची पितृपक्षासाठी निघायची तयारी चाललेली होती. ती ऐकता ऐकता थांबली. "म्हणजे त्यांच्याकडेही पितर येतात," ती म्हणाली. "आपल्याकडे कावळा. त्यांच्याकडे हे." मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या वर्षी विमानतळावर निघायच्या आधी ती डेकवर गेली, कठड्याखाली वाकली आणि फुटलेल्या कोषाचं रिकामं टरफल बघून आली.

या दिवसांना मराठीत काय म्हणायचं, यावर आमचं बरंच बोलणं व्हायचं. पुस्तकांत 'ऑटम'ला शरद म्हणतात. आईला ते मान्य नव्हतं. शरद म्हणजे पाऊस निवळतो, नदीचं पाणी नितळ होतं, पोटऱ्यांतून कणसं बाहेर येतात. उन्हाचा चटका वाढतो, परीट शेपटी हलवत अंगणात उतरतो. तिकडे पाखरं येतात, आणि इथे त्याच पंधरवड्यात ती जातात. वॉच्यूसेट डोंगरावर सप्टेंबरच्या मध्याला ससाण्याच्या जातीचे पक्षी शेकड्यांनी घिरट्या घालत दक्षिणेला जाताना दिसतात, लोक दुर्बिणी घेऊन मोजायला बसतात. पानगळ म्हणावी तर ती आपल्याकडे शिशिरात, माघ-फाल्गुनात. तीही पाण्याच्या ओढीनं. जमीन कोरडी पडते म्हणून साग-पळस पानं टाकतात. इथलं झाड उजेड मोजतं. रात्र अमुक एवढी लांबली की ते आवरायला घेतं, मग पाऊस कितीही पडलेला असो.

आणि अगस्ती. गढूळ पाणी अगस्तीच्या उदयानं निवळतं, हे आईनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. भाद्रपदात पहाटे कृष्णेवर जाताना दक्षिणेला, अगदी खाली, तो तेजस्वी तारा दिसायचा. इथे एका सप्टेंबरात ती पहाटे चारला उठून अंगणात उभी राहिलेली मला दिसली. मी घाबरून बाहेर गेले. ती अगस्ती शोधत होती. झाडांच्या आड असेल, म्हणाली. मी नंतर शोधून बघितलं. अगस्ती आकाशात इतका दक्षिणेला आहे की साधारण 37 अंशांच्या उत्तरेला तो कधी उगवतच नाही. आमच्या गावातून तो वर्षातल्या कोणत्याही रात्री दिसणार नव्हता. हे सांगितल्यावर तिनं निकाल दिला. "मग याला शरद म्हणू नको. ज्याला अगस्ती नाही तो शरद कसला? हे आपलं उतरतं ऊन." तेव्हापासून आम्ही 'उतरतं ऊन' म्हणतो. मला फॉल आणि ऑटम या दोन्हींपेक्षा तोच शब्द खरा वाटतो.

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा इथे कामगार दिन. त्याच्या मागेपुढे शाळा सुरू होतात, पोहण्याचे तलाव बंद होतात, सफरचंदांच्या बागा तोडणीसाठी उघडतात, दुकानांत भोपळे लागतात. ते सगळं छान असतं आणि सगळ्यांना माहीत असतं.

2020 साली आई मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. तिसऱ्या आठवड्यात भारतात जाणारी विमानं बंद झाली. पुढे खास विमानं सुटू लागली, पण आईला मधुमेह, वय पंचाहत्तरच्या पुढे. तिला त्या गर्दीत एकटं पाठवायची माझी हिंमत झाली नाही. मुक्काम वाढवण्याचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये गणपती झाले, घरातल्या घरात, पाचच माणसांचे. बॅग माळ्यावरच होती. तिसऱ्या आठवड्यात मी वाट बघत होते, पण तिनं बॅगेचं नाव काढलं नाही.

बाबांची तिथी आम्ही इथे केली. ती कशीबशी झाली. आईचं लक्ष सारखं छपराकडे जात होतं. कावळे इथेही आहेत, पण बोलावल्यावर येत नाहीत. 17 सप्टेंबरला सर्वपित्री झाली. आणि मग एक अशी गोष्ट घडली जी आम्ही दोघीही विसरून गेलो होतो. एरवी दुसऱ्या दिवशी घट बसतात. त्या वर्षी अधिक आश्विन होता. पितर गेले आणि देवी यायला पूर्ण महिना. आईच्या आयुष्यात प्रथमच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असा महिना आला ज्यात तिला कुठेही पोचायचं नव्हतं.

तो महिना तिनं झाडं बघण्यात घालवला. सुरुवातीला धोंड्याचं वाण म्हणून माझ्या नवऱ्यासाठी 33 अनारसे केले. तांदूळ भिजवणं, वाळवणं, दळणं, सगळं. जावई डोळ्यांत पाणी आणून खात होता, कारण त्याची आई त्या वर्षी पुण्यात एकटी होती.

उन्हाळाभर दुष्काळ होता. अंगणाला पाणी घालण्यावर बंधनं होती. पहिलं लाल झालं ते आमच्या मागच्या दलदलीतलं मेपलचं झाड. तेही सगळं नाही, एकच फांदी. ती लाल मेपल दरवर्षी अशीच सुरुवात करते, आई असताना. पण या वेळी आईला पुढचं बघायला मिळत होतं. दुसरी फांदी, मग शेंडा, मग एका आठवड्यात सगळं झाड. त्यानंतर साखर मेपल, केशरी. बर्च पिवळे. ओक सगळ्यांत शेवटी, तांबूस तपकिरी, आणि पानं धरून बसणारे. ती रोज दुपारी दोनच्या सुमाराला स्वेटर घालून निघायची. येताना हातात पानं असायची. ती टेबलावर मांडायची, रंगाप्रमाणे, मेथी निवडायला बसावी तशी शांतपणे.

एकदा तिनं विचारलं, पिवळं कुठून येतं आणि लाल कुठून? मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरव्याखाली दबलेला. हरितद्रव्य उतरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र पान नव्यानं तयार करतं, उरलेल्या साखरेतून, गळायच्या तोंडावर. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारा नव्हे, असं असलं की लाल चांगला चढतो. ते का तयार करतं, यावर शास्त्रज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. कुणी म्हणतं, तो किडींना इशारा असतो. कुणी म्हणतं, पानातला नायट्रोजन फांदीत ओढून घ्यायला झाडाला थोडा वेळ लागतो, तोवर उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून केलेला तो आडोसा असतो.

"म्हणजे आवराआवर चाललीय," आई म्हणाली. "आणि त्यातच हे नवीन?" तिनं एक लाल पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

मग ती मला बाहेर घेऊन गेली. तिला काहीतरी दाखवायचं होतं. तिचे वडील ऊस लावायचे. बेण्याची कांडी निवडताना डोळा बघायचा, हे तिला लहानपणापासून माहीत. मेपलची एक फांदी खाली ओढून तिनं नुकतंच पान गळालेली जागा दाखवली. देठ सुटला होता तिथे चंद्रकोरीएवढी फिकट खूण, कोरडी, खपली धरलेली. ओल नाही, जखम नाही. आणि तिच्या बरोबर वर, गव्हाच्या दाण्याएवढा, लालसर, खवल्यांनी घट्ट मिटलेला डोळा. "हा आज नाही आला," ती म्हणाली. "मी ऑगस्टमध्ये पाहिलाय. पान हिरवं होतं तेव्हाच बगलेत होता." दरवर्षी उन्हाळ्याअखेर तिनं ते पाहिलं होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

17 ऑक्टोबरला आमच्या घरात प्रथमच घट बसला. माती अंगणातलीच, कुंपणाजवळची, रुईच्या मुळाशी असलेली. रोजच्या माळेला पहिले पाच दिवस झेंडू पुरला. गारठ्याच्या आधी आईनं सगळा खुडून ठेवला होता. सहाव्या दिवशी तो संपला. ती बाहेर गेली आणि मेपलची तांबडी पानं घेऊन आली, देठाला देठ गुंफून माळ केली. "ऋतूत जे असेल ते देवीला चालतं," ती म्हणाली, पण आपण बरोबर करतोय ना, हे तिनं फोनवर वाईच्या गुरुजींना विचारूनही घेतलं. दसऱ्याला आपटा कुठून आणायचा? ग्रंथालयासमोर जिंकोचं एक झाड आहे. पंख्यासारखं पान, मधोमध चीर, दोन पाकळ्या झालेल्या, आपट्याची आठवण करून देणारं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीला हळदीसारखं पिवळं. आई हळदीच्या गावची. तिनं ओंजळभर वेचून आणली. संध्याकाळी मुलांनी तिच्या हातावर जिंकोचं पान ठेवलं, वाकून नमस्कार केला, आणि ती म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

30 ऑक्टोबरला कोजागिरी होती. सकाळपासून बर्फ पडायला लागला. झाडांवर अजून पानं होती. लाल पानावर पांढरं, पिवळ्या पानावर पांढरं, ओझ्यानं वाकलेल्या ओकच्या फांद्या. बॉस्टनला त्या दिवशी चार इंचांहून जास्त बर्फ पडला, तिथल्या नोंदींत ऑक्टोबरमधला सगळ्यांत मोठा. संध्याकाळी आईनं दूध आटवायला ठेवलं. चारोळी, वेलदोडा, केशर. आकाश दिसत नव्हतं. मुलं झोपली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या काचेपाशी बसून राहिलो. रात्री फार उशिरा ढग फाटले आणि चंद्र आला. खालच्या बर्फामुळे इतका उजेड झाला की कुंपणाशी उभ्या असलेल्या रुईच्या वाळक्या काड्या आणि त्यांच्यावरच्या उघड्या शेंगा मोजता येत होत्या. आईनं दार उघडलं, पातेलं दोन्ही हातांनी धरलं आणि त्या गारठ्यात दुधात चंद्र पडेपर्यंत उभी राहिली.

2021 च्या फेब्रुवारीत ती वाईला परत गेली. त्यानंतर इकडे आली नाही. गुडघे, आणि दोन विमानांचा वीस-बावीस तासांचा प्रवास. आता तिला नको वाटतो, आणि मी आग्रह करत नाही.

तिची बॅग माळ्यावर आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी कधीतरी माळ्यावर जाते. काम काढून जाते, पण जाते.

गेल्या रविवारी सकाळी आठला कुरणावर गेले होते. वाईला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. व्हिडिओ लावला. आई गॅलरीत बसली होती, मागे पावसाची सर चालू होती.

"रुई फुटली का?" तिनं आधी हेच विचारलं.

बऱ्याच शेंगा अजून हिरव्या होत्या. एक मात्र उकललेली सापडली. मी फोन जवळ नेला. आत तपकिरी, चपट्या बिया एकावर एक बसवलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या, आणि त्यांच्यामागे घट्ट दाबून बसवलेलं रेशीम, अजून ओलसर. दुसऱ्या महायुद्धात इथल्या शाळकरी मुलांनी या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या होत्या. ते रेशीम नौसैनिकांच्या जीवरक्षक जाकिटांत भरायचे. हे आईला मी पूर्वीच सांगितलेलं. तरी तिनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. मी एक बी चिमटीत धरून बाहेर काढली. रेशमाचा झुबका हवेत उलगडला आणि बोटांतून सुटून गेला.

"दिसलं का?"

"दिसलं. कुठे गेलं?"

"सोनकीवरून पलीकडे."

"परीट आला बघ आमच्याकडे परवा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "रात्री थंडी पडायला लागली असेल ना? कढीपत्ता आत घेतलास?"

"आज घेते."

"आज म्हणजे आत्ता गेल्यावर. आणि तुळसही. पाणी कमी घाल आता तिला, उन्हाच्या खिडकीत ठेव. मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नाला नुसत्या काड्या राहिल्या होत्या."

घरी आले. कढीपत्त्याची कुंडी तिनेच आणलेली, आता छातीएवढी उंच झालीय, एकटीला उचलत नाही. थोरल्याला हाक मारली. दोघांनी मिळून ती दारातून आत घेतली. दारात दोन-चार पानं गळाली, ती वेचून फोडणीसाठी ठेवली.